फौजी बाबाचा कान

माझा भाऊ देव झाला, हे मले एका ट्रकच्या मागं लिहिलेलं वाचून समजलं. रायपूरले आमच्या समता कॉलोनीच्या तोंडाशी ट्रक उभा होता आणि फाळक्यावर पिवळ्या अक्षरात रंगवलं होतं, ‘भनपुरी वाले फौजी बाबा की कृपा’. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ड्रायव्हरले विचारलं, “भैया, ये फौजी बाबा कौन हैं?”

“अरे अम्मा, बहुत पहुँचे हुए हैं! भनपुरी में बैठते हैं.”

बसते म्हणे! भनपुरीत बसलेला फौजी एकच, तो म्हणजे माझा दादा, नरहर डोर्लीकर. एकाहत्तरच्या लढाईत गेला तो. कुठचा आला पोहोचलेला! घरी तरी कुठं पोहोचला बिचारा.

तर झालं असं होतं. आमचे बाबा रेल्वेत. भनपुरीच्या अलीकडं आमचं क्वार्टर होतं, आणि पलीकडं तेव्हा नुसती शेतं. दादा गेल्यावर रेल्वे कॉलोनीतल्या मराठी मंडळींनी ठरवलं, भनपुरी नाक्यावर पोट्ट्याचा सिमेंटचा अर्धपुतळा बसवायचा. आता पुतळा करणार कोण? तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, आपला श्यामराव आहे ना! श्यामराव म्हणजे दरवर्षी मंडळाचा गणपती करणारा मूर्तिकार. घरचा माणूस, हात चांगला. गणपती करणं वेगळं आणि मेलेल्या पोराचा चेहरा करणं वेगळं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्या लोकांचं असंच असते. लग्नाचा आचारी चांगला निघाला की त्यालेच दवाखान्याची पेज करायले लावतील.

मी तेव्हा इथं नव्हती. घरात नुसतं रडणं चाललं होतं म्हणून मले मामाकडं वर्ध्याले पाठवलं होतं. बाबा भेटायले आले तेव्हा आईची तक्रार करून राहिले होते, “तुझी आई रोज त्या श्यामरावच्या शेडमध्ये जाऊन बसते. त्याले काम करू देत नाही. नाक असं नाही, हनुवटी तशी नाही, सारखी किरकिर. तो कंटाळला आता.” उद्घाटनाले मी परत आली, पण बायकांच्या बाजूनं मले काय दिसलं? नाकापर्यंत हार, आणि त्याच्यावर फौजी टोपी. दुसऱ्याच दिवशी मामा मले परत घेऊन गेले, आणि माझं लग्नही तिकडूनच झालं. मग शेतं गेली, कारखाने आले, ट्रक आले, आणि कोण्या तरी ड्रायव्हरनं गाडी काढण्याआधी दादाच्या कपाळाले शेंदूर लावला. त्याची फेरी सुखरूप झाली असेल. दुसऱ्यानं लावला, तिसऱ्यानं नारळ फोडला. झाला देव!

मी भांडायले गेली नाही असं नाही. गेली, एकदा नाही, अनेकदा गेली. रस्त्याच्या कडेले उभं राहून बोंबलायची, “अरे, तो माणूस आहे! त्याचं नाव आहे खाली, वाचा!” नाव कुठं वाचणार, त्याच्यावर पण शेंदूर. लोक मले नमस्कार करून पुढं जायचे, त्यांना वाटायचं अंगात आलं असेल. शेवटी मी जाणंच सोडलं. सोळा डिसेंबरले, विजय दिवसाले, शहरात कुठं कुठं कार्यक्रम होतात, शाल देतात, नारळ देतात. तिकडंही गेली नाही. नाव पुकारतात तेव्हा ‘शहीद नरहरी’ म्हणतात, ‘नारायण’ही म्हणून झालं.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मी कोणालेच सांगितली नव्हती. मले दादाचा चेहरा आठवत नव्हता.

हसू नका. होते असं. घरात त्याचा एकच चांगला फोटो होता. बाबांनी फ्रेम करून भिंतीले लावला आणि क्वार्टरच्या त्या ओल्या भिंतीत वाळवीनं तो खाऊन टाकला. आई गेली, बाबा गेले. मले त्याचा आवाज आठवते, त्याच्या अंगाचा घोडाछाप तंबाखूचा वास आठवते, लपून खायचा. पण डोळे मिटले की चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. सख्ख्या भावाचा चेहरा विसरते का कोणी? मी विसरली. जगात त्याचा चेहरा एकाच ठिकाणी उरला होता, त्या शेंदराच्या खाली. मरायच्या आधी मले तो एकदा पाहायचा होता, बाकी काही नको होतं.

म्हणून मागच्या हिवाळ्यात माझी सून मंजिरी बँकेतून आली आणि म्हणाली, “आई, भनपुरी में रोड चौड़ा हो रहा है, मामाजी की मूर्ति पीछे सरकाएँगे,” तेव्हा मी जेवता जेवता उठली. मंजिरी रायपूरच्या जुन्या मराठी घरातली, मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदी. मी म्हटलं, “सरकवतानी धुतील का?”

“क्या धोएँगे?”

“दादाले, अजून कोणाले!”

रविवारी सकाळी तिनं मले स्कूटरवर बसवून नेलं. नाक्यावर धूळच धूळ. जुना चौथरा तोडून दादाले मागं, पिंपळाखाली नव्या चौथऱ्यावर आणून ठेवलं होतं. मुकादम देवीदास म्हणून होता, त्यानं काम थांबवून ठेवलं होतं, कारण एक बाई आडवी बसली होती. बीरगांवची सत्यभामा. तिचा नवरा शालिग्राम ट्रक घेऊन जगदलपूरकडं जाते, आणि ही रोज सकाळी येऊन बाबाची झाडपूस, दिवाबत्ती करते. कोणी नेमलं नव्हतं तिले, स्वतःच आली आणि राहिली.

दादा बाकी बघण्यासारखा झाला होता. शेंदराचे थर इतके की गळा आणि हनुवटी एकच. नाकाच्या ठिकाणी उंचवटा, डोळ्यांच्या ठिकाणी चांदीचे डोळे चिकटवलेले, आणि डोक्याले कानांवरून गुंडाळलेला भगवा गमछा. मले भडभडून आलं, आणि मले रडू आलं की आधी राग येते. माझं असंच आहे.

“हे सगळं काढा,” मी म्हटलं. “मी बहीण आहे याची.”

आता इथंच माझी चूक झाली. ‘बहीण’ ऐकल्याबरोबर चहाच्या टपरीवरचे सगळे ड्रायव्हर उठले आणि माझ्या पायाले हात लावायले लागले. “बाबा की बहन! दीदी, आशीर्वाद दो!” एकानं तर गाडीची चावी माझ्या पायाले टेकवली. मंजिरी तोंडाले ओढणी लावून हसून राहिली होती. मी म्हटलं, “तू हसू नको. उद्या माझ्यावर पण शेंदूर चोपडतील हे लोक!”

सत्यभामा तेवढी पाया पडली नाही. तिनं मले खालवर पाहिलं. “दीदी, इतने दिन आप कहाँ थे?”

मी आवाज वाढवला. “तुले माहीत आहे का हा कोण होता? सांग बरं!”

“हव, मालूम है,” ती म्हणाली, आणि सांगायलेच लागली. बाबा सात फूट उंच होते. लढाईच्या दिवशी सकाळी अख्खी बकरी खाल्ली, मग एका हातानं टँक अडवला. अजून रात्री घाटात ट्रकसमोर चालतात. शालिग्रामचे ब्रेक केशकाल घाटात गेले तेव्हा बाबांनीच गाडी डोंगराकडं वळवली.

“बकरी?” मी ओरडलीच. “अवं माय, बकरी! तो बकरीले भ्यायचा!”

टपरीवरचे सगळे वळून पाहायले लागले. मंजिरी म्हणाली, “आई, आप चुप रहो ना.” काहून चूप राहू? मी तिथंच विटांच्या ढिगावर बसली आणि सांगितलं. दादाच्या आधीची आईची दोन लेकरं वाचली नव्हती. म्हणून हा झाल्यावर तिनं नवस बोलून त्याच्या डाव्या कानात सोन्याची बाळी घातली होती. शेजाऱ्यांची बकरी होती एक, अवलादच वेगळी! एक दिवस तिनं ती बाळीच दातात धरून ओढली. कान रक्तबंबाळ झाला. तेव्हापासून दादा बकरी दिसली की दाराआड. मिसरूड फुटायले आलं तरी तेच. मी एवढीशी, फ्रॉकमधली, पण माझी रोजची ड्युटी ठरलेली. आधी मी बाहेर जायची, बकरी हाकलायची आणि मग हाक मारायची, “दादा, बकरी गेली, ये!” मग हे साहेब दप्तर सावरत बाहेर यायचे, जसं काही झालंच नाही.

“असा होता तो,” मी म्हटलं. “पाच फूट पाच इंच. फौजेत गेला तेव्हा आम्ही सगळे हसलो, तिकडं बकऱ्या नसतील म्हणून गेला म्हटलं. बकरीले भिणारा पोरगा लढाईले गेला, हे मोठं नाही का? त्याले सात फूट कशाले करता?”

मले वाटलं ते चिडतील. सत्यभामा माझ्या बाजूले विटांवर येऊन बसली. मग हळूच म्हणाली, “मेरा आदमी भी डरता है. घाट से. गाड़ी निकालने के दिन खाना नहीं खाता. किसी को बताता नहीं, बस बाबा को बताता है.” आणि मग देवीदासले म्हणाली, “भैया, दीदी को देखने दो. मैं खुद उतारूँगी. छेनी-हथौड़ी नहीं लगेगी.”

इकडं शेंदराले बंदन म्हणतात. ते तेलात कालवून लावतात, म्हणून काढायचंही तेलानंच, असं तिचं म्हणणं. टपरीवर तेल गरम केलं, धुवायले पाणी आणि जुन्या साडीच्या चिंध्या आणल्या. गमछा काढायच्या आधी तिनं एक सुकी चिंधी घेतली आणि गमछ्याच्या आतून हात घालून दादाचा डावा कान बांधून टाकला. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, “बाबा के कान म पानी झन जाय.” म्हणजे कानात पाणी जायले नको. ड्रायव्हर लोक आपलं गाऱ्हाणं त्या कानातच सांगतात, महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात सांगतात तसं. म्हणून त्या कानाले तिनं कधी बंदन लागू दिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सिमेंटच्या कानात पाणी! पण तिचा हात फार हळू चालून राहिला होता. एवढ्या हळू तर मी माझ्या लेकरालेही न्हाऊ घातलं नाही.

ऊन चढलं तसे थर सैल झाले. आधी छातीवरचं निघालं, आणि खालची अक्षरं दिसायले लागली. नरहर वासुदेव डोर्लीकर. ड्रायव्हर लोकांनी ती मोठ्यानं वाचली, एकानं मोबाइलवर फोटो घेतला. मग हनुवटी, गाल. मी उठून अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मंजिरीनं माझा हात धरला. मले वाटलं, चेहरा दिसायच्या आधीच मी जाते. मग कपाळापासून नाकापर्यंतचा थर एका तुकड्यात सुटला आणि सत्यभामाच्या ओटीत पडला.

मी पाहिलं, अन् पाहतच राहिली.

तो दादा नव्हता.

लांब, कमळाच्या पाकळीसारखे डोळे. धनुष्यासारख्या भुवया. ओठांवर ते मंद हसू. हा चेहरा मले पाठ होता. दरवर्षी गणपतीच्या बाजूले श्यामराव राम उभा करायचा, त्याचा हाच चेहरा. भारतमाता केली तर तिचा हाच. कृष्णाचा हाच, फक्त निळा. श्यामरावले चेहरा एकच यायचा! टोपी फौजेची आणि खाली आमच्या मंडळाचा राम.

“कितने सुंदर हैं,” कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले.

मी चौथऱ्याच्या कडेले बसली. एवढी वर्षं मी या ट्रकवाल्यांशी भांडली की तुम्ही माझ्या भावाले देव काहून केलं. त्यांनी कुठं केलं होतं? देव आम्हीच करून ठेवला होता, पहिल्या दिवशी, हार घालून, बँड लावून. त्यांनी फक्त आमच्यावर भरोसा ठेवला. आणि माझा दादा आता कुठंच नव्हता. वाळवीनं खाल्ला तो एक, आणि हा दुसरा कधी झालाच नव्हता. मी रडली. लोकांसमोर, तोंड उघडं टाकून रडली. मंजिरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पहिल्यांदा मराठीत म्हणाली, “आई, रडू नका ना.”

सत्यभामाले काही समजलं नाही. तिले वाटलं मी आनंदानं रडून राहिली. तिनं आपलं काम सोडलं नाही. चेहरा पुसला, मान पुसली, आणि शेवटी डाव्या कानावरची चिंधी सोडली. “कान सूखा है,” ती समाधानानं म्हणाली. “देखो दीदी, गोली यहाँ से छू के गई थी. निशान है.”

मी मान वर केली.

उजवा कान श्यामरावचा होता. नीट, गोल, शंखासारखा घडवलेला. डावा कान कोण्या मूर्तिकाराचा नव्हताच. वेडावाकडा, डोक्यापासून जरा जास्तच बाहेर आलेला, मागच्या बाजूले सिमेंट बोटांनी दाबून दाबून बसवलेलं. आणि त्याची पाळी खाली दोन फाक झालेली. बाळी जिथून ओढून निघाली होती, बरोबर तिथून.

गोळी नव्हती ती. बकरी होती!

हा कान आईनं केला होता. श्यामराव जेवायले उठला असेल, नाहीतर कंटाळून म्हणाला असेल, घ्या, तुम्हीच करा बाई. नाक, हनुवटी तिले सांगता आली नसेल, तो ऐकत नसेल. पण कान तिनं स्वतःच्या हातानं केला. बोटांचे ठसे होते अजून, बाईच्या बारीक बोटांचे. मी माझं बोट त्या खळग्यात ठेवलं, तर ते बरोबर बसलं.

आणि मग तो आला. कानाच्या बाजूनंच आला. आधी कानामागचे ते राठ, न बसणारे केस. मग गालावरचा देवीचा एक व्रण. मग जरा बसकं नाक, आमच्या बाबांचं. वरचा ओठ, त्याच्यावर मिसरूड, आणि ते घाबरलेले, हसू आवरणारे डोळे, दाराच्या फटीतून पाहणारे. सगळा दादा. मी डोळे मिटले तरी तो तिथंच होता. मी डोळे उघडले तरी होता.

 कोणी घाई केली नाही. मग सत्यभामानं बंदनाची वाटी पुढं केली आणि खालच्या आवाजात विचारलं, “दीदी, लगाऊँ? आप ना बोलोगे तो नहीं लगाऊँगी.” तिच्या मागं ड्रायव्हर उभे होते. त्यांच्या गाड्या लागून होत्या, जायचं होतं त्यांना.

मी वाटी हातात घेतली. त्या रामाच्या कपाळाले एक टिळा मीच लावला. तो चेहरा तसाही त्यांचाच होता. “नावावर लावू नको,” मी म्हटलं. “नाव वाचू दे लोकांना. आणि कानाले कधीच नाही. आईचा आहे तो.”

“हव, दीदी,” ती म्हणाली.

“आणि सात फूट सांगू नको कोणाले. बकरीचं सांग.”

“बकरी का ही बताऊँगी,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. “शालिग्राम को सबसे पहले.”

मग ड्रायव्हर लोक बाजूले सरकले. मले वाट करून दिली त्यांनी, कारण तिथली रीतच आहे, निघायच्या आधी कानात सांगायचं. मी पण निघून राहिली होती. मी चौथऱ्याले धरून पुढं वाकली, दादाच्या फाटक्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं,

“दादा, बकरी गेली. ये.”